बाबांच्या पानाला कावळा शिवेना

त्या दुपारी माझी पोर इरा माझ्या हातून गेलीच असती, आणि तीही माझ्याच अडाणी हट्टापायी. हे आधी सांगून टाकते, म्हणजे मग कुणी मला कावळ्यावरून हसायला नको.

कावळा आमच्या ओळखीचा होता. मार्चमध्ये इथे सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या बागेत त्याच्या पायाला मासे धरायची नायलॉनची दोरी गुरफटली होती. नखं कापायच्या कात्रीने मी ती तोडली. मेल्याने मला तीनदा टोचलं. एक बोट गेलं त्याचं, पण जगला. इराला शाळेत एक जपानी गोष्ट सांगितली होती, जीव वाचवणाऱ्याच्या घरी पक्षी उपकार फेडायला येतो ती. "ही विल कम लाह, मम्मा!" इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत ती म्हणाली.

"येईल, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करून जाईल," मी म्हटलं.

आमचा कॉन्डो बागेसमोरच. आठवड्याभरात हा पठ्ठ्या अकराव्या मजल्यावर, आमच्या खिडकीत हजर! मग रोज यायचा.

सप्टेंबरात, पितृपक्षात सासऱ्यांची, आमच्या बाबांची तिथी आली. माझा नवरा सारंग मरीन इंजिनिअर. तो बोटीवर, म्हणून पान मी वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं रांधून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. पाच वर्षांची इरा शाळेतून भुकेली आली होती. "मम्मा, हंग्री."

"कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. जा, खोलीत खेळ," मी खेकसले.

कावळा आला. तोच, तुटक्या बोटाचा. पण पानाकडे ढुंकून बघेना. ओरडायचा, उजवीकडे उडायचा, परत येऊन पुन्हा ओरडायचा. रोज माझ्या हातचा पाव खाणारा आज खिरीला शिवेना, म्हणजे हा बाबांचाच राग. आणि राग असणारच की! दोन वर्षं ते म्हणत होते, "मला सिंगापूरला ने, नातीजवळ राहू दे." मी दर वेळी म्हणायची, "यंदा नको बाबा, पुढच्या वर्षी या." पुढचं वर्ष त्यांना मिळालंच नाही.

मी हात जोडले. "बाबा, चुकलं माझं. सारंगला समुद्रावर सुखरूप ठेवा, माझ्या पोरीला काही होऊ देऊ नका. काय हवं ते सांगा, पण एवढा घास घ्या." अशी किती वेळ विनवत उभी होते, देव जाणे.

तेवढ्यात तो अंगावरच आला. जोडलेल्या हातांवर चोच मारली, रक्त आलं. त्याला हाकलायला मी बाहेर वाकले. तो उजवीकडे, शेजारच्या खोलीच्या खिडकीपाशी गेला, आणि तिथे मला इराचा पाय दिसला.

बाहेर. एसीच्या डब्यावर. एका हातात माझ्या नकळत उचललेला वडा, दुसऱ्या हाताने काहीच धरलेलं नाही. "काव काव, कम लाह, ईट फास्ट," ती कावळ्याला बोलावत होती.

हाक मारली तर दचकेल. नाही मारली तर पुढे सरकेल. मग धावले कशी, ते आठवत नाही. खोलीत खिडकीशी खुर्ची ओढलेली होती. कावळा डब्याच्या कडेवर बसून पंख फडफडवत तिला पुढे येऊ देत नव्हता. मी मागून फ्रॉक मुठीत धरला आणि ओढली. दोघी खोलीत आपटलो. आधी तिला एक धपाटा घातला, मग मीच हंबरडा फोडला.

"ही नॉट ईटिंग, सो आय कॅन्ट ईट," ती हुंदके देत म्हणाली. हातातला वडा तिने चाखलासुद्धा नव्हता.

तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आले. पान तसंच होतं. "बाबा, रागवायचं तर खुशाल रागवा," म्हटलं, आणि त्या पानातलीच खीर आधी इराला भरवली. तिने मिटक्या मारत खाल्ली. तेव्हा कुठे कावळा कट्ट्यावर उतरला आणि त्याने वडा उचलला.

इराचा फ्रॉक मात्र मी संध्याकाळपर्यंत सोडला नाही.