न वाजलेली शिट्टी

ते एक झाड नीट पार पडलं असतं, तर मुकादमाच्या पदरात बरंच काही पडणार होतं. सुपरवायझरची खुर्ची, तीही हात असलेली. टेकडीवरचं क्वार्टर, जिथे नळ घरात होता. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे थोरल्या भावाच्या मरणावर कायमची माती.

राळेची झाडं राळ गाळायची थांबली की मळ्यात ती पाडतात. रीत ठरलेली. जिकडे पाडायचं तिकडे खाच, मागून काप, मध्ये थोडं लाकूड शिल्लक. त्याला बिजागरी म्हणतात. झाड तिच्यावर वळून खाली निजतं. खाली कोणी नाही हे बघून शिट्टी होते, आणि त्यानंतरच मागच्या कापात ठोकलेल्या पाचरीवर शेवटचा घाव.

थोरला असाच झाडाखाली गेला. करवत मुकादमाची होती. ऑफिसच्या कागदावर चढलं, "शिट्टी दिली होती, मयताला ऐकू आली नसावी."

हे वाचून वहिनीला हसू आलं होतं, आणि ते रडण्यापेक्षा भयंकर दिसलं. तिचा नवरा म्हणजे स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं तरी अंगणातून "एकटीच काय खातेस?" विचारणारा माणूस. त्याला शिट्टी ऐकू येत नाही! पण सासूबाई म्हणाल्या, "गेलेला गेला. आहे त्याला का घालवतेस?" वहिनी गप्प बसली. मुकादमाने मोठं मन करून तिला शिट्टीच्या कामावर लावून घेतलं. गप्प बसलेल्या बाईला लोक फार लवकर शहाणी म्हणतात.

थोरल्याच्या मरणाचं प्रकरण मिटवण्याआधी विम्याच्या बाई मळ्यावर पाहणीला आल्या, त्या दिवशी मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून करवत धरून उभा होता. "बाई, आमच्याकडे शिट्टीशिवाय काडी पडत नाही," त्याने सांगून ठेवलं. पाहुणे लांब, दोरीपलीकडे. खाच झाली, काप झाला, पाचर बसली.

"वहिनी, होऊ द्या शिट्टी!"

वहिनीने चारी बाजू पाहिल्या. खाली चिटपाखरू नव्हतं. तिने शिट्टी ओठांना लावली आणि परत काढली.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. त्या दिवशी शिट्टी दिली होतीत?"

"आत्ता? हे आत्ता विचारताय?"

"एरवी तुम्हाला सवड कुठे असते!"

टोळीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. झाडातून करकर आवाज आला.

"वहिनी, चेष्टा नको. राळेसाठी चिरा दिलेल्या बाजूचं लाकूड आहे हे, राळ पिऊन ठिसूळ झालंय. बिजागरी कधीही तुटेल."

"मग पटकन सांगा. हो की नाही, एवढंच तर आहे."

मॅनेजरसाहेब ओरडले, "काय चाललंय तिकडे?" मुकादमाने वर पाहिलं. शेंडा हलला. खोटं बोलावं तर वहिनी शिट्टी देत नाही, खरं बोलावं तर खुर्ची जाते, उभं राहावं तर जीव. त्याने घण उचलला आणि पाचरीवर हाणला.

झाड अगदी आखल्या रेषेवर पडलं. इतकं सुंदर त्याने आयुष्यात पाडलं नव्हतं. एका कारकुनाने टाळ्याही वाजवल्या आणि मग बाकी कोणी वाजवत नाही हे पाहून हात खिशात घातले.

विम्याच्या बाई म्हणाल्या, "मुकादम, शिट्टी नाही झाली."

आणि तोंडाला वळण पडलेलं असतं तसा तो म्हणून गेला, "झाली की! तुम्हाला ऐकू आली नसेल."

कोणी हसलं नाही. अख्खी टोळी वहिनीच्या हातातल्या शिट्टीकडे बघत होती. मॅनेजरसाहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. थोरल्याच्या त्या कागदावर सही त्यांचीच होती.

पुढचा हिशोब सरळ आहे. विम्याच्या बाईंनी तो कागद बदलायला लावला, थोरल्याचं नाव स्वच्छ झालं. मुकादमाचं काम गेलं. तो बायकोला घेऊन कुठल्याशा दुसऱ्या मळ्यावर गेला, जाताना आईला "नंतर नेतो" म्हणाला. खाली कोणी नसताना शिट्टी अडवली म्हणून वहिनीलाही शिट्टीवरून काढलं. ती आता राळेचे डबे घासते, आणि विचारलं तर म्हणते, स्वस्तात पडलं. खरी किंमत भरली सासूबाईंनी. एक मुलगा निर्दोष ठरला, तो परत यायचा नव्हता. दुसरा दोषी ठरला, तोही आला नाही. वहिनीशी त्या अक्षरही बोलत नाहीत, आणि राहतात तिच्याचकडे.