चिमटीचा कौल

लॉन्ड्रीच्या मागची खोली माणसांनी गच्च भरली होती. कोरडेबाबांनी माझ्या मेहुणीच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तंबूसारखी उभीच राहिली.

"कौल मिळाला! रोग सुकतोय!" बाबा गरजले. लोकांनी हात जोडले.

तिला दोन दिवस जुलाब होत होते. बाबांचा उपाय एकच, पाणी बंद. "पाणी म्हणजे रोगाचं खाद्य! आज लघवी थांबली, उद्या रोग थांबेल!"

उद्या माणूसच थांबेल, हे मला माहीत होतं. गेल्या महिन्यात माझ्या बायकोलाही हाच कौल मिळाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी पेला पुढे केला, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "जावईबापू, थोरलीला तुम्ही चोरून पाणी पाजलंत, म्हणून ती गेली. हिला तरी सोडा."

मी पाजलं नव्हतं. तिने मागितलं तेव्हा मीच पेला उचलून बाजूला ठेवला होता.

मी धावत जाऊन दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं. त्यांनी बाबांच्याच हाताला चिमटी काढली. कातडी लगेच सपाट.

"अगंबाई, बाबांना कौल नाही?" नर्सबाईंनी विचारलं.

"आमचं शरीर सिद्ध आहे," बाबा म्हणाले.

"सिद्ध कसलं, ओलं आहे. सकाळपासून किती पाणी प्यालात?"

"दोन जग," लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली बोलून गेली. "मीच भरून दिले."

कुणीतरी खुदकन हसलं.

"शरीरातलं पाणी आटलं की कातडीचा ताण जातो, चिमटीने उचललेली कातडी खाली बसत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "उरलंसुरलं पाणी धरून ठेवायला शरीर लघवी थांबवतं."

"पण सकाळी ती देवाशी बोलली," सासूबाई म्हणाल्या.

"बरळली हो, आजी! मेंदूला रक्त पुरत नाहीये. गाडी बोलवा. तोवर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. घोटघोट पाजा."

मेहुणी वाचली. सलाईनच्या चार बाटल्या लागल्या. सासूबाई म्हणतात, बाबांनी रोग आधीच सुकवला होता, म्हणून सलाईन लागू पडलं! आता कुठे डोकं आपटायचं?

तुम्ही तरी ऐका. जुलाबाने माणूस गळाला तर त्याचं पाणी तोडू नका. पाजा, आणि दवाखाना गाठा. कौल घ्यायचाच असेल तर आजाऱ्याचा घ्या. तहान लागली का, एवढंच विचारा. आणि तो हो म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.