जाळीच्या दाराची आतली बाजू

मित्रांनो, दारांच्या घराण्यात माझा मान तसा बेताचाच. आतल्या सागवानी दाराला तोरण मिळते, कुलूप मिळते, पाहुणे कडीही त्याचीच वाजवतात. मी त्याच्या पुढ्यात उभे असलेले जाळीचे दार. माझ्या वाट्याला येतात त्या मुलांच्या लाथा आणि मांजराची नखे. तरीही लातुरातल्या एका घरात मी मोठ्या दिमाखात नांदले. त्या दिमाखाचे काय झाले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

हे घर वसंतराव गुरुजींचे. त्यांचे बालपण चाकूरकडच्या एका खेड्यात गेले. मातीचे घर, खिडकी नाही, उजेडापुरते छताला एक भोक. दिवेलागण झाली की घरात डासांचे मोहोळ उठायचे. त्या घरात गुरुजींची धाकटी बहीण हिवतापाने गेली. पुढे ते लातुरात शिक्षक झाले आणि घर बांधायला निघाले, तेव्हा त्यांनी मनाशी एकच गाठ बांधली होती. आपल्या घरातून तापाने पुन्हा कोणी जायचे नाही.

म्हणून त्यांनी जोते उंच घेतले. पाणी साचू नये म्हणून अंगणाला उतार दिला. वारा आरपार खेळावा म्हणून खिडक्या समोरासमोर ठेवल्या, प्रत्येकीला बारीक जाळी ठोकली आणि भिंत-छतामधल्या फटीसुद्धा बुजवल्या. शेजारचे धोंडप्पा रोज येऊन बघायचे आणि हसायचे. "गुरुजी, घर बांधून राहिलात का पिंजरा?"

मोठ्या दारापाशी मात्र गाडे अडले. गुरुजींच्या पत्नी सरोजिनीबाई काही केल्या ऐकेनात.

"तिन्हीसांजेला दार लावायचं नसतंय. लक्ष्मी यायची वेळ असती ती."

"अगं, लक्ष्मीच्या आधी डास येतात त्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. दार उघडंच राहील."

यावर तोड म्हणून माझा जन्म झाला. लिंबाजी सुताराने बाभळीची चौकट केली, तिच्यावर जाळी ताणून बसवली आणि मी आपोआप मिटावे म्हणून स्प्रिंग लावली. "आता बघ," गुरुजी म्हणाले, "लक्ष्मीला जाळी काही आडवी येत नाही. डासाला येते." सरोजिनीबाई हसल्या. त्या दिवसापासून दिवा लावला की स्वयंपाकघरातून त्यांची हाक यायची, "अहो, जाळी लावली का?" आणि गुरुजी उत्तर द्यायचे, "लावली, लावली!" ही हाक ऐकल्याशिवाय माझी संध्याकाळ होत नसे.

काय सांगू ते दिवस! बाहेर डास माझ्या जाळीवर येऊन टकरा घ्यायचे आणि आत नात मनस्विनी निवांत अभ्यास करत बसायची. गल्लीत कोणी ना कोणी तापाने फणफणायचे, पण आमच्या घराला त्याची झळ लागली नाही. पिंजरा म्हणून हसणारे धोंडप्पा एक दिवस लिंबाजीला घेऊन माझी मापे घ्यायला आले. मी अगदी फुगून गेले. गर्वाचे घर खाली असते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

आता पाण्याचे सांगते. ज्या शहराची तहान एकदा आगगाडीने पाणी आणून भागवावी लागली, तिथल्या माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून घरोघरी साठवण. गुरुजींनी तर हौद घरातच, जिन्याखाली बांधला होता. ऊन नको, धूळ नको, कोणाची नजर नको. सरोजिनीबाई त्या हौदाला पोटच्या पोरासारखे जपायच्या. नळ आला की बाकीच्या बाया शिळे पाणी ओतून भांडी घासायच्या. आमच्या बाई तळाचे पाणी तसेच ठेवून वरून नवे भरायच्या. "लातुरात राहून पाणी फेकायचं? हात झडतील," म्हणायच्या. हौद तळापर्यंत रिकामा झालेला मी कधी पाहिलाच नव्हता.

त्या हौदाचे झाकण मोटारीच्या पाइपामुळे नीट बसत नसे. एका अंगाला ते कायम उचललेले. मनस्विनीने एकदा ते दाखवलेसुद्धा.

"आजी, झाकण उघडं राहतंय बघ."

"राहू दे. पाणी घरात हाय अन् दाराला जाळी हाय. डास काय किल्ली लावून येणार हाय का?"

मनस्विनी हसली. खरे सांगते, मित्रांनो, मीही मनातल्या मनात हसले.

मग गेल्या पावसाळ्यात अंगणात पागोळ्यांखाली ठेवलेले पिंप भरून वाहू लागले. इतके चांगले पाणी वाया कसे घालवायचे? सरोजिनीबाईंनी बादल्या भरभरून ते आणले आणि हौदात ओतले. त्या पिंपात डासांच्या अळ्या होत्या. बादलीत बसून त्या माझ्या समोरून घरात आल्या. येणाऱ्या बाईंसाठी मी आदबीने उघडले आणि त्यांच्यामागे मिटलेही.

थोड्याच दिवसांत घरात डास दिसू लागले. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसाढवळ्या चावणारे. गुरुजी चक्रावले. चष्मा पुसून त्यांनी माझ्या जाळीचा कोपरान् कोपरा तपासला आणि भोक सापडेना म्हणून माझ्यावरच चिडले. जिथे शंका आली तिथे दोरा ओवला. स्प्रिंग बदलून आणखी ताठ केली. "आता बघतो कसे आत येतात ते!"

पण ते बाहेरून येतच नव्हते. उजाडले की ते माझ्या जाळीवर बसायचे, आणि बसायचे ते आतल्या बाजूला. त्यांना बाहेर जायचे होते आणि मी जाऊ देत नव्हते. गुरुजी मला रोज न्याहाळायचे, पण अंगणात उभे राहून. एकदा जरी त्यांनी घरातून माझ्याकडे पाहिले असते! मला वाचा असती तर ओरडून सांगितले असते. दाराला नुसते करकरता येते, आणि करकर झाली की माणसे तेल घालतात.

त्याच सुमारास गुरुजींचा मुलगा आलोक नांदेडहून तापाने फणफणत घरी आला. तो तिथे नोकरीला होता. आईच्या हातची पेज पिऊन तो बरा झाला आणि परत गेला. तो अंथरुणात असताना घरातले डास मात्र उपाशी नव्हते; त्याला चावून ते मग बाईंकडे वळले. तो गेल्यावर काही दिवसांनी सरोजिनीबाईंचे अंग दुखू लागले. "उन्हाचं असंल," म्हणत त्या भाकरी थापत राहिल्या. डोळे उघडेनात तेव्हा कुठे कळले, डेंग्यू आहे आणि रक्तातल्या पेशी फार उतरल्या आहेत.

दवाखान्यात नेताना गुरुजींनी त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या. रिक्षात बसताबसता बाईंनी मान वळवली. आवाज पार खोल गेला होता.

"अहो, जाळी लावली का?"

"लावली गं," गुरुजी म्हणाले.

त्या परत आल्या नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरून गेले. पंगतींना, भांड्यांना, हातपाय धुवायला पाणी उपसले जात होते आणि आज ते राखून ठेवणारे कोणी नव्हते. दुपारी पहिल्यांदाच हौदाचा तळ दिसला. कळशी बुडेना म्हणून मनस्विनीने मोबाइलचा उजेड आत धरला.

"आजोबा, इकडे या. पाण्यात कायतरी वळवळून राहिलंय."

गुरुजी गुडघ्यांवर बसून वाकले. शाळेत त्यांनी कितीतरी वर्गांना डासाच्या चार अवस्था फळ्यावर काढून दाखवल्या होत्या. अंडी, अळी, कोष, डास. ते तसेच वाकून राहिले. मग जिन्याच्या पायरीवर बसले आणि माझ्याकडे बघू लागले. दुपारच्या उजेडात माझ्या आतल्या अंगावर दोन डास बसलेले होते.

"मी फटी बुजवत राहिलो," ते म्हणाले, "आणि डासांना तिच्यासोबत घरात कोंडून घातलं."

मनस्विनीने त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हौदात उतरून काथ्याने भिंती घासल्या, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात. लिंबाजीने पाइपासाठी खाच पाडून घट्ट बसणारे झाकण केले. आता दर आठवड्याला हौद रिकामा होतो, त्याचे पाणी तुळशीला आणि अंगणातल्या लिंबाला जाते. पाणी काही वाया जात नाही. इतके सोपे होते ते, मित्रांनो. याचाच मला सल आहे.

तुमच्याही घराला जाळी असेल तर छानच. तिला जपा, फाटली तर शिवा. पण तिच्या भरवशावर घरातले पाणी उघडे टाकू नका. आणि तिच्यावर डास दिसला, तर आधी बघा तो कुठल्या अंगाला बसला आहे.

आता माझी चौकट खिळखिळी झाली आहे. गुरुजीही थकले आहेत. दिवेलागणीला ते मला लावतात, आतून माझ्यावर एकदा तळहात फिरवतात आणि क्षणभर तिथेच उभे राहतात. स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नाही. तरीही ते हळूच म्हणतात, "लावली, लावली."