बॅटरीच्या पेटीवर बसलेला नवरा

"आणि भिंगरी पुढे! अहो, बघता काय, टाळ्या वाजवा!"

होड्यांच्या शर्यतीचं वर्णन करायला तिच्याइतकं तोंडाळ माणूस नदीकाठी दुसरं नव्हतं. त्यात आज पोटची पोर भिंगरी अंतिम फेरीत! नवऱ्याची मोटारबोट नांगर टाकून उभी, इंजिन बंद, टपावर भोंगा. भोंग्याला वीज इन्व्हर्टरची. सकाळपासून तिची बडबड चालू होती, आणि घसा सुकला की त्याच इन्व्हर्टरवर विजेच्या किटलीत चहा.

इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

"किटली लावू नको म्हणून कानीकपाळी ओरडत होतो," नवरा म्हणाला. "भोंगा वीज पितो घोटभर, किटली पिते बादलीभर!"

भोंगा बंद. आणि शेवटचं वळण तर तोंडावर आलेलं!

"अहो, दुसरी बॅटरी आहे ना! जोडा!"

"ती इंजिन सुरू करायची. तिला हात लावायचा नाही."

"दोन मिनिटं हो! पोरगी जिंकतेय आणि आई मुकी?"

नवरा उठला आणि त्या बॅटरीच्या पेटीवर जाऊन चक्क मांडी घालून बसला.

"कसलं ध्यान पदरात पडलंय माझ्या!" तिने माईक आपटला आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "मार, भिंगरे, मार!"

आईचा भोंगा गप्प का, म्हणून भिंगरीने मान वळवली. होडी कलली आणि पालथी झाली. अंगात तरंगतं जाकीट होतं, पण धार पोरीला थेट पुलाच्या खांबांकडे ओढत होती.

आई किंचाळली, "अहो!"

तो केव्हाच उठला होता. तिने नांगराचा दोर सोडला, त्याने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन धडाडलं! बोट सुसाट निघाली. पोरीजवळ पोचताच त्याने इंजिन बंद केलं, आणि खांब हातभर राहिला असताना दोघांनी तिला काखेत धरून वर ओढलं.

"आई," भिंगरी धापा टाकत म्हणाली, "जिंकलं कोण?"

"कुणास ठाऊक गं, बाई!" म्हणत तिने ओलीचिंब पोर छातीशी धरली. रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"इंजिन चालू केलं की बॅटरी भरेल," नवरा म्हणाला. "लावू का भोंगा?"

"चुलीत घाला तो भोंगा!" तिने नाक पुसलं. "आणि ऐका. यापुढे मी कितीही बोंबलले ना, तरी त्या पेटीवरून उठू नका."