पोकळ चिंबोऱ्या

मंदाच्या वहीतले आकडे इतके चांगले आले होते की तिला जेवण जाईना.

साल एकोणनव्वद. विद्यापीठात सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. तिने प्रबंधाला घेतलेला विषय ऐकून तिचं अख्खं कोन गाव हसलं होतं. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, अवसेला मांसाने भरलेली असते आणि पुनवेला पोकळ, हे खरं की खोटं? खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक, ते शोधायला ही बया वजनकाटा घेऊन बसणार! नाक्यावर तिची यथेच्छ चेष्टा झाली. मंदा हट्टी. तिने विषय बदलला नाही.

काम साधं होतं. दर अवसेला बारा आणि दर पुनवेला बारा चिंबोऱ्या. तिची आई ठकुबाई खाडीच्या चिखलात उतरून चिंबोऱ्या धरायची आणि भिवंडीच्या बाजारात विकायची. मंदाची पाटी तीच भरायची. मोठा भाऊ बाळाराम कापडाचा टेम्पो घेऊन मुंबईला जायचा, तो ती हॉस्टेलवर पोचवायचा. मग मंदा प्रयोगशाळेत कवचं मोजायची, चिंबोऱ्या उकडायची, मांस कोरून काढायची आणि वजन लिहायची.

सहा महिन्यांनी निकाल आला: अवस असो की पुनव, चिंबोऱ्या सारख्याच भरलेल्या. तिच्या मार्गदर्शक मॅडम तर हरखूनच गेल्या. "पिढ्यान्‌पिढ्यांचा समज मोडीत काढलास तू," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. गोव्याच्या एका संशोधन संस्थेत जूनपासून एक जागा होती, तिथे त्यांनी मंदासाठी शब्द टाकला. प्रबंध तेवढा पंधरा दिवसांत द्यायचा होता.

आता उड्या मारायच्या सोडून मंदा तळमळत होती. तिने वजनकाटा तीनदा तपासून घेतला. टायपिस्टकडे दिलेली पानं दोनदा परत आणली. खोलीतल्या मैत्रिणीशी बादलीवरून भांडली. आकडे काहीही म्हणोत, तिची जीभ वेगळं सांगत होती. लहानपणी पुनवेच्या चिंबोरीचा नांगा फोडला की आतून पाणी निघायचं आणि ती रडायची. ते पाणी गेलं कुठे?

शेवटी पुनवेच्या दिवशी सकाळीच तिने बॅग उचलली आणि घर गाठलं.

घरामागच्या शेडमध्ये लूम खडखडत होते. ओट्यावर ठकुबाई दोन पाट्या पुढ्यात घेऊन बसली होती. नांगे बांधलेली चिंबोरी उचलायची, उलटी करायची, पोटाकडून अंगठ्याने दाबायची. कवच दबलं की ती एका पाटीत. दुसरी उचलली, दाबली, तीही तिथेच. चौथी की पाचवी मात्र अंगठ्याखाली दगडासारखी लागली, तेव्हा तिने ती हळूच दुसऱ्या पाटीत ठेवली.

"आये, काय करतेस?"

"काय म्हंजे? तुजी पाटी भरतंय."

"आणि या बाजूला टाकल्यास त्या?"

"पोकल हाय त्या."

मंदाने ती पाटी पुढे ओढली. "दर वेळेला अशाच निवडतेस?"

"मंग?" ठकुबाईला रागच आला. "तुज्या मॅडमच्या दारान माज्या हातची पोकल चिंबोरी जाल? तीस वरसा बाजारान बसतंय, कुनी बोट न्हाय दाखवला. आन तूच तं सांगलास, चांगल्या बघून धाड!"

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. मंदाच्या मनात चांगली म्हणजे जिवंत, पाय न तुटलेली. बाजारात चांगली म्हणजे भरलेली, दुसरा अर्थच नाही. बाजारवालीची पोर असून तिला हे सुचलं नव्हतं. चार वर्षं पुस्तकं वाचून ती घरची भाषा विसरली होती. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की तिथे बसवेना.

दिवसभर ती खाडीच्या बांधावर फेऱ्या मारत राहिली. गप्प बसणं सोपं होतं. विद्यापीठात कुणाला चिंबोरी दाबून बघता येत होती? प्रबंध छापला असता, गोवा मिळालं असतं. आणि पुढे जन्मभर आपण एक खोटी गोष्ट खरी करून आलो, हे तिला एकटीला माहीत राहिलं असतं. ते तिला सोसणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी प्रबंधाची पानं उलटून पाहिली. मग फाइल बंद करून म्हणाल्या, "पुन्हा सहा महिने लागतील. गोव्याची जागा थांबणार नाही."

"माहीत आहे," मंदा म्हणाली. बाहेर येऊन ती जिन्यात बसून रडली.

पुढच्या पुनवेला ती पुन्हा ओट्यावर आली.

"माज्यापायी गेली ना तुजी नोकरी?" ठकुबाईने विचारलं. तिला बाळारामने सांगितलं होतं.

"माझ्याच शब्दापायी गेली, आये. आता न दाबता बारा दे. जशा हाताला लागतील तशा."

ठकुबाईने पाटीत हात घातला. चिंबोरी वर आली, उलटी झाली, आणि अंगठा आपोआप पोटावर गेला. तिने ती खाली ठेवली. दुसरी घेतली. पुन्हा तेच.

"माजा हात न्हाय आयकत. तूच काड."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मंदाने डोळे मिटून एकेक चिंबोरी काढली. बारा झाल्यावर दाबून पाहिल्या. नऊ पोकळ! तिला आनंद लपवता येईना. तिने घाईघाईने वही काढली.

ठकुबाई वळली, तिने पाटीत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिने पाटीवर ओलं गोणपाट टाकलं, वर आणखी एक टाकलं, चारी बाजूंनी दाबून बसवलं. बाळाराम पाटी उचलायला आला, तसा तिने त्याचा हात धरला.

"बाल्या, वाटेन कुनी इचारला कुनाची पाटी, तं माजा नाव सांगू नको हां."

बाळाराम हसला. ठकुबाई हसली नाही, आणि मंदाला तिच्याकडे बघवेना.