मी धुकं मोजत होतो

मित्रांनो, धावपट्टीच्या कडेला गवतात उभं राहून आयुष्य काढलेला मी एक जुना दृश्यतामापक आहे. नाव जड, काम सोपं. माझा एक खांब उजेड सोडतो, समोरचा दुसरा तो झेलतो. मधे धुकं असलं की उजेड कमी पोहोचतो. त्यावरून वैमानिकाला धावपट्टी किती दूरपर्यंत दिसेल, ते मी सांगतो. कारखान्यात माझ्या डोळ्यापुढे काळ्या काचा धरून मला तपासलं आणि इथे आणून रोवलं. सुखदुःख वाटावं असं काही माझ्यात कुणी बसवलं नाही.

माझा आकडा विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला कळवणाऱ्या निरीक्षकबाईंना सगळे ताई म्हणत. माझी काच त्या स्वतः पुसत. "डोळे आले की काय रे तुला?" असं विचारून हसत.

एका हिवाळी सकाळी धुकं खाली बसलं ते हलेचना. वर एक विमान घिरट्या घालत होतं. उतरायला साडेपाचशे मीटर दिसायला हवं होतं. माझा आकडा साडेतीनशेवर अडला होता. ताई धावत आल्या. त्यांच्या हातातल्या वायरलेसवर मनोऱ्यावरचे काका बोलले,

"ताई, तुमचा धाकटा त्याच विमानात आहे ना?"

"हो."

"आणि आई कशा आहेत?"

"डॉक्टरांनी हात टेकलेत. जीव त्याच्यासाठीच अडकलाय."

काका हळूच म्हणाले, "यंत्र जुनं आहे. काच धुरकट झाली असेल. पुसून बघा."

ताईंनी दोन्ही काचा पुसल्या. थांबल्या. माझ्या पेटीवरचा आकडा पाहिला.

"काच लख्ख आहे, काका. धुकंच आहे. साडेतीनशे."

"नक्की?"

"आत बाकीच्यांचेही भाऊ आहेत."

विमानाचा आवाज दूर गेला आणि विरला. ताई माझ्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. फडकं कोरडं होतं, तरी पिळत राहिल्या. मला काही वाटलं नाही. मी धुकं मोजत होतो.

भाऊ दुसऱ्या शहरात उतरून मोटारीने आला, तोवर आई गेली होती. काही दिवसांनी ताई त्याला माझ्याकडे घेऊन आल्या.

"हेच का ते?"

"हेच."

त्याने माझ्या काचेवरून बोट फिरवलं. "थोडं वाढवून सांगितलं असतंस तर?"

"तर कदाचित नीट उतरलाही असतास."

"मग?"

"कदाचित, रे."

परतताना तो ताईंच्या बरोबरीने, पावलं आखडती घेऊन चालला.

पुढे नवी यंत्रं आली. त्या सकाळच्या खऱ्या आकड्याबद्दल माझं कौतुक झालं होतं, तेही विरलं. आता मी गोदामात आडवा पडून आहे. त्याचंही मला काही वाटत नाही.

मित्रांनो, यंत्राला तेल घालणारे, त्याचे स्क्रू आवळणारे पुष्कळ भेटतात. पण त्याने सांगितलेलं खरं ज्यांना स्वतःच्या तोंडाने पुढे सांगावं लागतं, ती माणसं संध्याकाळी घरी येतात. त्यांना कुणीतरी विचारा, जेवलीस का.