मेलेल्या मुंग्या

“काही नाही झालं! ती बघ, मुंगी मेली!”

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हा आवाज माझ्या कानात कधीपासून आहे ते सांगता येत नाही. बहुधा मला चालता येऊ लागलं, म्हणजे पडता येऊ लागलं, तेव्हापासून. गुडघा फुटलेला, ओठ थरथरणारा, रडं अगदी घशाशी आलेलं, आणि वरून आप्पा ओरडायचे की मुंगी मेली. मग मी त्या मुंगीला शोधायला वाकायचो. ती काही सापडायची नाही, पण शोधता शोधता रडायचं राहून जायचं. बिचारीच्या मरणापुढे माझ्या गुडघ्याचं ते काय!

माझं वय आता नातवंडांना पडताना बघायचं झालं. मी अजून मुंग्याच मारतोय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो; वर-खाली करणाऱ्यांना तो कधी दिसत नाही. त्या खड्ड्यात उतरायच्या लोखंडी शिडीवर कुणीतरी वंगण सांडलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच. पाय सटकला आणि मी कमरेवर आपटलो. वरून माझा जोडीदार ओरडला, “लागलं का रे?” मी खाली उताणा, डोळ्यांपुढे काजवे, तोंडात धूळ. म्हणालो, “काही नाही झालं.” मग मला स्ट्रेचरवरून नेलं.

त्याला दोन उन्हाळे उलटले. हाड सांधलं, पण कंबर रुसली ती रुसलीच. आई भांडी घासताना ओव्या रचायची. तिच्याकडून मला तेवढीच इस्टेट मिळाली, ती मी कमरेवर उधळली:

रुसली गं बाई कंबर, बसली पाठ फिरवून,
किती गं तिला मनवू, वाटी-वाटी तेल जिरवून.

बायको म्हणाली, “ओवी बरी आहे, पण तेल संपलंय.”

तेलाआधी बराच काळ मी गोळ्यांवर काढला होता. दुखण्याच्या गोळीचा एक मोठा गुण असतो, ती काही विचारत नाही. कुठं, कसं, कधीपासून, काही नाही. घेतली की गुपचूप पोटात जाते आणि सगळ्यांना गप्प बसवते. माझं आणि तिचं चांगलं जमलं, कारण मलाही कुणी विचारलेलं आवडत नाही. पण एके दिवशी पोटानेच तोंड उघडलं. रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, “या गोळ्या आता विसरा.” मी विसरलो. कंबर विसरली नाही.

त्याच सुमारास साहेबांनी बोलावून घेतलं. “वर्षअखेरपर्यंत शिडी चढू शकता असा दाखला आणा, नाहीतर फोनवर बसा.” फोनवर बसायचं म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना दिवसभर ‘घाबरू नका’ म्हणायचं आणि सोडवायला दुसऱ्याला पाठवायचं. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने दारं उघडून माणसं बाहेर काढली, त्याला हे म्हणजे ताट समोर ठेवून हात बांधल्यासारखं. मी ठरवलं, गोळीशिवाय बरं व्हायचं. आणि तिथून माझी खरी करमणूक सुरू झाली. माझी कमी, घरच्यांची जास्त.

जोडीदाराने लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला. “बांध. रक्त खेचून घेतो.” मी बांधला. रक्ताचं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आलो तर बायको ओट्याखाली वाकून काहीतरी शोधत होती.

“अहो, उलथनं पाहिलंत का?”

आप्पा खिडकीतल्या खुर्चीतून म्हणाले, “सूनबाई, तुझं उलथनं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हिंडून आलंय. त्याच्या पाठीला बघ.”

दुकानदार इतका गोड का हसत होता ते मला तेव्हा कळलं.

मग फोनमधली बाई आली. मध घातल्यासारखा आवाज. “डोळे मिटा. तुम्ही एका ढगावर तरंगताय. सगळं शरीर सैल सोडा.” लोकांना याने खरंच आराम पडतो. मी डोळे मिटले, ढगावर चढलो, आणि मनात पहिला विचार आला की याचा दोर शेवटचा कोणी तपासला? ब्रेक कुठे आहे? ढग जरा डुलला आणि मी कंबर अशी आवळली की दोन दिवस सरळ उभा राहिलो नाही.

कोणी म्हणालं, गादी सोडा, जमिनीवर झोपा. झोपलो. उठायचं कसं ते कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी आप्पा काठी टेकत आले, वरून बघत राहिले.

“काय रे?”

“काही नाही आप्पा. पडलोय जरा.”

“बरं,” म्हणाले, आणि मला ओलांडून चहाला गेले. ओलांडताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. आप्पा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उभ्याने काम करून गुडघ्यांची पार वाट लागलेली. पण विचारलं तर एकच उत्तर, “मला काय धाड भरलीय?”

शेवटी बायकोने मला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. अरुंद खोली, रबराचा वास, निळ्या गाद्या, आणि भिंतभर आरसा. माणसाला स्वतःची फजिती पूर्ण उंचीत दिसावी म्हणून लावलेला. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “काका, व्यायाम हेच तुमचं औषध. पण किती द्यायचं ते मला तुमच्याकडून कळणार. सांगा, दहापैकी किती दुखतं?”

गोळीने कधी असलं काही विचारलं नव्हतं.

“दोन,” मी म्हणालो.

बाई खूश झाल्या. व्यायाम वाढवला. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं. पुन्हा दोन. पुन्हा वाढवला. बाईंना वाटत होतं आपला पेशंट घोड्यासारखा धावतोय, आणि पेशंट घरचा जिना खेकड्यासारखा आडवा उतरत होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर आख्ख्या गल्लीने हसून घेतलं आहे, तेव्हा तुम्ही हसला नाहीत तरी चालेल.

“अहो, तिला खरं सांगता ना?” बायकोने विचारलं.

“सांगतो की.”

“तुमचं ‘दोन’ मला ठाऊक आहे. दाढ उपटली तेव्हाही दोनच होतं.”

मी सांगणार होतो, खरंच. पण प्रश्न आला की घशाशी काहीतरी यायचं आणि वाटेतच ती जुनी मुंगी मरायची. वर हेही डोक्यात की जास्त आकडा सांगितला तर बाईंकडून मिळायचा दाखला गेला. असा मी हुशार. दाखला मिळावा म्हणून लपवत होतो, आणि लपवत होतो म्हणूनच बरा होत नव्हतो.

दाखल्याचा दिवस आला. बायकोला सुट्टी मिळेना. तिने आप्पांना बरोबर दिलं. मला बजावलं, “आप्पांना धरा.” आप्पांना बजावलं, “यांना धरा.” आम्ही दोघं एकमेकांना धरून असे निघालो की कोण कोणाला नेतंय ते बघणाऱ्याला कळू नये.

बाईंनी शिडीसारखी लाकडी घोडी मधोमध मांडली. “चढा काका. वर हात करून दिव्याला हात लावा, आणि उतरा.” आप्पा कडेच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले. मी चढलो. दिव्याला हात लावला. उतरताना कमरेतून जे काही निघालं ते टाचेतून बाहेर पडलं असावं; आरशात मला एक माणूस दिसला, घामाने निथळणारा, दात विचकून हसणारा.

“किती?”

“दोन.”

बाईंनी पेन उघडलं होतं, ते मिटलं. “काका, तुम्ही दोन म्हणताय, तुमचं तोंड आठ म्हणतंय. दाखला कोणाला देऊ, तुम्हाला की तोंडाला?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“तुम्हीच सांगितलं होतंत मला, लिफ्ट अडकल्याचा फोन आला की तुम्ही आधी काय विचारता?”

“कुठल्या मजल्यावर आहात ते.”

“आणि लोक काय म्हणतात?”

“म्हणतात, ठीक आहे, ठीक आहे. मग मला सांगावं लागतं...” इथे मला पुढचं वाक्य दिसलं आणि मी थांबलो. उशीर झाला होता.

“काय सांगावं लागतं?”

“की ‘ठीक आहे’ नावाचा मजला नसतो.”

बाकावर आप्पांची काठी जरा सरकली.

“मग?” बाई हळूच म्हणाल्या. “आकडा राहू द्या. शब्द द्या.”

आणि ते आले. कुठून आले देव जाणे. आईच्या ओव्यांबरोबर आत कुठेतरी पडून असावेत. सकाळी उठताना ठणकतं, मी म्हणालो. वाकलो की चमक निघते, थेट टाचेपर्यंत जाते. जिना उतरताना सलतं. बसून राहिलो की रग लागते. आणि रोज या घोडीचा विचार केला की काहीच झालेलं नसताना दुखायला लागतं. एवढं बोललो आणि मला धाप लागली, जणू व्यायाम आत्ता झाला.

“टाचेपर्यंत?” बाई उडाल्याच. “हे आज सांगताय? अहो, मग मी तुम्हाला इतके दिवस चुकीचे व्यायाम करायला लावत होते!” त्यांनी जुना कागद चुरगळला. “पुन्हा तळमजल्यापासून. हलके व्यायाम, थोडं चालणं, शेक. आणि चमक खाली गेली की लगेच थांबायचं.”

“दाखला?”

“आज नाही. पण लिफ्ट कुठे अडकलीय ते तरी कळलं. वर्षअखेरीला अजून वेळ आहे.”

परतताना आप्पांकडून ‘काय बायकांसारखं रडगाणं’ असं काहीतरी येईल म्हणून मी वाट बघत होतो. आलं नाही. आम्ही आमच्या जिन्यापाशी आलो, एकमेकांना धरून चढायला लागलो. मी मुद्दाम सरळ चढत होतो, खेकडा न होता, आणि दुखलं तिथे चक्क थांबत होतो. असं मी पहिल्यांदाच करत होतो. मधल्या वळणावर मी नव्हे, आप्पा थांबले. कठडा पकडलेली बोटं पांढरी पडली होती.

“काय झालं आप्पा?”

“काही नाही झा...” म्हणता म्हणता ते पायरीवरच बसले. मीही बसलो, माझंही दुखत होतं आणि आता ते लपवायचं कारण उरलं नव्हतं. आप्पा खाली फरशीकडे बघत राहिले, जणू तिथे काहीतरी शोधताहेत.

“गुडघा रे,” ते म्हणाले. “ठणकतो. रोज. कधीपासून ते विचारू नकोस.” “आणि ती मुंगी. ती कधीच मेली नव्हती. तू पडलास की माझेच हातपाय गळायचे. रक्त दिसलं की काही सुचायचं नाही मला. तुझ्याआधी मीच रडेन अशी भीती वाटायची, म्हणून ओरडायचो.”